क्रिकेटवीर पालवणकर बाळू

प्रास्ताविक

क्रिकेट हा खेळ आज आपल्या देशात सर्वत्र खेळला जातो. शहरातील मोठ्या मैदानांपासून खेड्यातील शेताच्या मोकळ्या तुकड्यापर्यंत कोठेही चेंडू आणि फळी घेतलेली मुले दिसतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हा खेळ साहेबांचा, संस्थानिकांचा आणि धनिकांचा मानला जात असे. त्या काळात खेळपट्टी झाडण्याच्या कामावर असलेला एक तरुण भारतातील श्रेष्ठ गोलंदाज म्हणून नावारूपाला आला. जातीमुळे त्याला अस्पृश्य मानले जात होते. त्याने टाकलेला चेंडू संघातील सर्वांना चाले, पण त्याच्या हातचे पाणी कोणाला चालत नसे.

या खेळाडूचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. क्रिकेटच्या इतिहासात ते पालवणकर बाळू या नावाने ओळखले जातात. खेळातील कौशल्य माणसाला कोठवर नेऊ शकते आणि समाजाच्या रूढी त्याला कोठे अडवतात, हे त्यांच्या चरित्रातून समजते. या पाठात आपण त्यांच्या जीवनाची ओळख करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• पालवणकर बाळू यांच्या जीवनातील प्रमुख घटना क्रमाने सांगू शकाल;
• त्या काळातील क्रिकेट आणि समाजव्यवस्था यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• संघात घेणे आणि समान मानणे यांतील फरक उदाहरणांसह लिहू शकाल;
• चरित्रपर लेखनाची वैशिष्ट्ये ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. बालपण आणि पहिली नोकरी

बाळू यांचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाड येथे झाला. धारवाड आज कर्नाटक राज्यात आहे. त्या वेळी ते मुंबई इलाख्यात होते. पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आलेले आहे. घराणे चर्मकार समाजाचे. पोटापाण्यासाठी हे कुटुंब कोकण सोडून बाहेर पडले आणि पुढे पुण्याला स्थिरावले.

पुणे हे त्या काळी लष्कराचे मोठे ठाणे होते. छावणीत इंग्रज अधिकारी राहत आणि फावल्या वेळात क्रिकेट खेळत. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांना या खेळाची गोडी लागली. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या साहित्यावर दोघे भाऊ खेळायला शिकले. घरच्या गरिबीमुळे शाळा लवकर सुटली आणि मिळेल ते काम पत्करणे भाग पडले.

बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे हे काम, आणि पगार महिना तीन रुपये. काही काळाने, १८९२च्या सुमारास, ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे त्यांना महिना चार रुपये मिळू लागले. खेळपट्टी तयार करणे, तिच्यावर चुन्याच्या रेघा आखणे आणि सरावासाठी जाळ्या उभारणे ही त्यांची कामे होती. साहेब लोक सरावाला आले की चेंडू आणून देण्याचे कामही ओघानेच येई. एके दिवशी कोणा सभासदाने त्यांना गोलंदाजी करण्यास सांगितले आणि तेथून त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले.

२. गोलंदाजीची साधना

पूना क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते. ते उत्तम फलंदाज म्हणून प्रसिद्ध होते. इतर सभासद येण्यापूर्वीच ते मैदानावर हजर होत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी बाद केल्यास दर वेळी आठ आणे द्यायचे, असा ग्रेग साहेबांचा शिरस्ता असल्याचे सांगितले जाते. महिन्याचा पगार चार रुपये असताना आठ आण्यांचे मोल किती असेल, याची कल्पना सहज करता येईल. या सरावाचा लाभ दोघांनाही झाला. ग्रेग यांची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजी तावून सुलाखून निघाली.

बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज होते. फिरकी गोलंदाज वेगावर अवलंबून राहत नाही. बोटांच्या आणि मनगटाच्या हालचालीने तो चेंडूला गिरकी देतो. टप्पा पडल्यावर चेंडू आपली दिशा बदलतो आणि फलंदाज फसतो. बाळूंना चेंडू दोन्ही बाजूंना वळवता येत असे. चेंडू कधी उंच, कधी सपाट, कधी किंचित जलद, तर कधी अगदी संथ टाकून ते फलंदाजाचा अंदाज चुकवीत. टप्प्यावरील त्यांची हुकमत विलक्षण होती. पुन्हा पुन्हा एकाच जागी चेंडू टाकण्याची ही शक्ती शेकडो तासांच्या परिश्रमातून आली होती. शिवाय, खेळपट्टी त्यांनी स्वतःच्या हातांनी झाडली आणि दाबली होती. कोठे माती भुसभुशीत आहे, कोठे ओल धरून आहे, हे त्यांच्याइतके जवळून पाहण्याची संधी क्वचितच एखाद्या खेळाडूला मिळाली असेल.

तथापि, एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पूना क्लबात बाळूंनी इतकी वर्षे गोलंदाजी केली, पण त्यांच्या हाती फळी मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हा प्रतिष्ठितांचा मान आणि गोलंदाजी हे श्रमाचे काम, अशी त्या काळची समजूत होती. नोकराने चेंडू टाकावा आणि साहेबाने तो टोलवावा, ही विभागणी कोणालाही खटकत नव्हती.

पाठगत प्रश्न – १

(१) बाळूंना पूना क्लबात कोणकोणती कामे करावी लागत?
(२) फिरकी गोलंदाज फलंदाजाला कसा फसवतो?
(३) बाळूंना फलंदाजीची संधी का मिळाली नाही?

३. मैदानाच्या आत आणि बाहेर

पुण्यातील हिंदू खेळाडूंचा संघ त्या वेळी युरोपियनांच्या संघावर मात करण्याची आकांक्षा बाळगून होता. बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती या मंडळींच्या कानांवर गेली होती. संघाला त्यांची गरज होती, हे उघड होते. परंतु चर्मकार जातीच्या माणसाला संघात घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. काही सभासदांचा या गोष्टीला ठाम विरोध होता. काहींनी मात्र आग्रह धरला. बाळूंना बाहेर ठेवले तर हिंदू खेळाडू स्वतःचेच नुकसान करून घेतील, असे मत खुद्द ग्रेग यांनीही प्रकट केले. अखेर बाळूंना संघात प्रवेश मिळाला.

प्रवेश मिळाला, पण बरोबरी मिळाली नाही. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळीत. बाळूंनी टाकलेला चेंडू अडवून पुन्हा त्यांच्या हातात देताना कोणालाही विटाळ वाटत नसे. चहाची वेळ झाली की चित्र पालटे. इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूंना बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा प्यावा लागे. हे भांडे एकदा वापरून फेकून देण्याचे असे. तोंड धुण्यासाठी पाणी हवे असेल तर ते देणारा माणूसही अस्पृश्य मानलेल्या जातीचाच असावा लागे. जेवणाचे पान वेगळे, बसण्याची जागा वेगळी. बळी घेणारा हात तोच, पण मैदानाची सीमारेषा ओलांडताच तो हात अस्पृश्य ठरत होता.

असे असूनही बाळूंचा खेळ उणावला नाही. त्यांच्या जोरावर पुण्याच्या हिंदू संघाने अनेक विजय मिळवले. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याशी झालेला सामना विशेष गाजला. फिरकी गोलंदाजीला दाद मिळू नये, म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून ती टणक केली होती. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि आपल्या संघाला सहज विजय मिळवून दिला.

या विजयानंतर पुण्यात बाळूंचा जाहीर सत्कार झाला. समाजसुधारणेचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा गौरव केला. ज्या माणसाबरोबर खेळता येते, त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कोणती, असा सरळ प्रश्न रानड्यांनी संघातील मंडळींपुढे ठेवला. या प्रश्नाला रूढीपाशी समर्पक उत्तर नव्हते. हळूहळू बंधने सैल होऊ लागली आणि काही सहकाऱ्यांनी बाळूंना आपल्या पंगतीला घेतले.

४. मुंबईतील पराक्रम

१८९०च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात प्लेगची भीषण साथ पसरली. याच सुमारास बाळू मुंबईला आले. काही काळ लष्करात आणि पुढे रेल्वेत त्यांनी नोकरी केली. मुंबई हे तेव्हा भारतीय क्रिकेटचे माहेरघर होते. येथे संघ धर्मानुसार बनत. युरोपियन आणि पारशी यांचे सामने पूर्वीपासून होत असत. १९०७ साली हिंदू संघ त्यात सामील झाला आणि तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ पासून मुस्लिम संघ आल्यावर ते चौरंगी झाले. हे सामने पाहण्यासाठी हजारो लोक लोटत.

मुंबईत हिंदूंचा प्रमुख क्लब म्हणजे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना. पुण्यात झालेला वाद येथेही झाला. बाळूंना सभासद करून घेण्यास काहींनी आक्षेप घेतला. शेवटी जिमखान्याच्या कर्णधाराने धरलेला आग्रह फळाला आला आणि बाळू मुंबईच्या हिंदू संघातून खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात एक महत्त्वाचा सामना झाला. त्या वेळचे वातावरण समजून घेतले पाहिजे. १९०५ च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी अमलात आली होती आणि स्वदेशीच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता. अशा वेळी राज्यकर्त्यांच्या संघाशी होणारा सामना हा केवळ खेळ उरला नव्हता.

हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांचा डाव १९१ धावांत संपला. दुसऱ्या डावात हिंदूंना १६० धावाच करता आल्या. युरोपियनांसमोर विजयासाठी २१२ धावांचे आव्हान होते. परंतु त्यांचा सारा संघ १०२ धावांत गारद झाला. हिंदूंनी हा सामना १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच, असे एकूण आठ बळी मिळवले. त्यांचे बंधू शिवरामही या संघात होते.

या विजयाचा आनंद देशभर झाला. विचारी लोकांनी त्यातून आणखी एक बोध घेतला. जातीची भिंत बाजूला सारून गुणी खेळाडूंना संधी दिली म्हणून हा विजय शक्य झाला, असे समाजसुधारकांच्या वृत्तपत्रांनी निदर्शनास आणून दिले. जी गोष्ट मैदानावर हितकारक ठरली, ती समाजातही हितकारक ठरेल, असा त्यांचा विचार होता.

५. इंग्लंडचा दौरा

१९११ साली भारतातील निवडक खेळाडूंचा संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग हे संघाचे कर्णधार होते. संघात पारशी, हिंदू, मुस्लिम आणि शीख असे सर्व धर्मांचे खेळाडू होते. बंगळूरचे बी. जयराम, मुंबईचे डॉ. कांगा ही त्यांतील काही नावे. बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊही या संघात होते. पुण्यात खेळपट्टी झाडणारा तरुण आता क्रिकेटच्या मायदेशी, लॉर्ड्सच्या मैदानावर, भारताच्या वतीने खेळणार होता.

संघाच्या दृष्टीने हा दौरा कठीण गेला. महाराज बहुतेक सामन्यांना अनुपस्थित राहिले. हवामान निराळे, खेळपट्ट्या अनोळखी आणि प्रतिस्पर्धी बलवान. एकूण २३ सामन्यांपैकी १५ सामन्यांत पराभव पत्करावा लागला. सहा सामने जिंकले आणि दोन अनिर्णित राहिले. या निराशेत एक नाव मात्र उजळून निघाले. बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध एकाच डावात त्यांनी आठ गडी बाद केले. लेस्टरशायर या बलाढ्य संघावरील विजयात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास होते. उमेदीच्या वयात ही संधी मिळाली असती तर त्यांनी आणखी काय केले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य मानलेल्या समाजाने बाळूंचा सत्कार केला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणारे तरुण भीमराव आंबेडकर यांनी या सत्कारात पुढाकार घेतला होता. ज्या समाजाला कोठेही मान नव्हता, त्याला बाळूंच्या रूपाने अभिमानाचे एक स्थान मिळाले होते. पुढील काळातही डॉ. आंबेडकर यांनी बाळूंच्या कर्तृत्वाचा आदराने उल्लेख केला.

पाठगत प्रश्न – २

(१) रानडे यांनी संघातील खेळाडूंपुढे कोणता विचार मांडला?
(२) १९०६ च्या विजयातून समाजसुधारकांनी कोणता बोध घेतला?
(३) इंग्लंड दौऱ्यात बाळूंची कामगिरी कशी होती?

६. कर्णधारपदाचा प्रश्न

इंग्लंडहून परतलेले बाळू हिंदू संघातील सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू होते. कर्णधारपद त्यांच्याकडे यावे, हे न्यायाचे झाले असते. १९१० नंतरच्या दशकात ही मागणी वारंवार झाली. निवड समितीने मात्र दर वेळी उच्चवर्णीय खेळाडूचीच निवड केली. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले. त्यांच्या सत्काराच्या प्रसंगी खुद्द पै यांनीच मन मोकळे केले. हा मान संघातील ज्येष्ठ खेळाडू या नात्याने बाळूंना मिळावयास हवा होता, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. एका सहकाऱ्याच्या या प्रांजळपणाचे मोल मोठे आहे. पण त्याने समितीचा निर्णय बदलला नाही.

कर्णधारपदाला एवढे महत्त्व का होते? गोलंदाज म्हणून बाळूंचा उपयोग करून घेताना इतरांना आपले स्थान सोडावे लागत नव्हते. कर्णधार संघाला आज्ञा देतो, कोणी कोठे उभे राहावे हे ठरवतो आणि समारंभात संघाच्या वतीने बोलतो. चर्मकार माणसाची आज्ञा उच्चवर्णीयांनी पाळायची, हे निवड समितीला मानवणारे नव्हते. कौशल्य मान्य होते, अधिकार मान्य नव्हता. म्हणूनच हा प्रश्न क्रिकेटपेक्षा मोठा होता.

यावेळेपर्यंत पालवणकर घराण्यातील चार भाऊ हिंदू संघातून खेळले होते : बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत. विठ्ठल हे उत्कृष्ट फलंदाज होते आणि संघातील त्यांचे स्थान अढळ होते. १९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी परिस्थिती चिघळली. संघातून बाळूंचे नाव वगळण्यात आले. पै आजारी असल्याने कर्णधारपद रिकामे होते. पण ज्येष्ठ असलेल्या विठ्ठल यांना ते न देता दि. ब. देवधर या तरुण खेळाडूला देण्यात आले. देवधर गुणी फलंदाज होते, यात शंका नव्हती. परंतु संघात त्यांच्याहून अनुभवी खेळाडू असताना केवळ जातीमुळे त्याला डावलले गेले, अशी पालवणकर बंधूंची भावना झाली.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली भूमिका निवेदनाद्वारे लोकांसमोर मांडली. खेळाच्या क्षेत्रात जातीला स्थान नसावे आणि गुणांवरच निवड व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती. त्या वेळी देशात महात्मा गांधींच्या असहकाराची हवा होती. या भावांनीही अन्यायाशी असहकार केला, असेच म्हणावे लागेल. लोकमत त्यांच्या बाजूने झुकले आणि व्यवस्थापनाला नमते घ्यावे लागले. बरे झालेले पै पुन्हा कर्णधार झाले, बाळू उपकर्णधार झाले आणि बंधू संघात परतले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाचे नेतृत्व बाळू यांनी केले. ती वेळ थोडी होती, पण एक मोठे दार त्या वेळी किलकिले झाले.

हे दार पूर्ण उघडले १९२३ साली. विठ्ठल पालवणकर यांची हिंदू संघाचे कर्णधार म्हणून निवड झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. पुढील काही वर्षे ते कर्णधार होते. बाळू तोवर निवृत्त झाले होते. जे पद त्यांना स्वतःला मिळाले नाही, ते धाकट्या भावाला मिळालेले त्यांनी पाहिले.

७. सार्वजनिक जीवन

निवृत्तीनंतर बाळू यांनी सार्वजनिक कार्यात भाग घेतला. १९३२ साली दलितांच्या राजकीय हक्कांचा प्रश्न ऐरणीवर आला. दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत, अशी डॉ. आंबेडकर यांची मागणी होती. ब्रिटिश सरकारने ती मान्य केली. गांधीजींचा तिला विरोध होता आणि त्यांनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले. अखेर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा, असा तोडगा निघाला. बाळू हे संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते. करारावर सही करणाऱ्यांत त्यांचेही नाव आहे.

१९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. काँग्रेसने डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध बाळूंना उमेदवारी दिली. एकेकाळी ज्याने आपल्या गौरवासाठी पुढाकार घेतला, त्याच नेत्याशी त्यांना लढावे लागले. डॉ. आंबेडकर यांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. दोघांचेही ध्येय आपल्या समाजाला माणुसकीचे हक्क मिळवून देणे हे होते; मार्ग वेगळे होते. या निवडणुकीवरून बाळूंच्या खेळातील कर्तृत्वाचे किंवा त्यांनी सोसलेल्या अवहेलनेचे मूल्य कमी होत नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू यांचे निधन झाले.

८. कर्तृत्वाचे मोल

प्रथम श्रेणीच्या अवघ्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ बळी घेतले. एका बळीमागे त्यांनी सरासरी १५.२१ धावा दिल्या. हे आकडे कोणत्याही काळातील श्रेष्ठ गोलंदाजाला शोभणारे आहेत. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला. त्यामुळे कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. बाळूंनी आत्मचरित्रही लिहिले नाही. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी पुस्तक मात्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. नंतरच्या पिढ्यांना बाळूंचा जवळजवळ विसर पडला होता. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ साली भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि बाळूंचे चरित्र पुन्हा वाचकांसमोर आणले.

बाळूंच्या जीवनातून दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. गुण दीर्घकाळ दडवून ठेवता येत नाहीत, ही पहिली गोष्ट. झाडू आणि रूळ घेऊन मैदानावर आलेला माणूस परिश्रमाच्या बळावर लॉर्ड्सपर्यंत पोहोचला. दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. केवळ गुण असून भागत नाही. गुणांना न्याय देणारा समाजही असावा लागतो. संघाला जिंकून देणाऱ्या माणसाला संघाने चहाचा कप दिला नाही आणि नेतृत्वही दिले नाही. पहिला अडथळा दूर होण्यासाठी रानड्यांसारख्यांना बोलावे लागले, तर दुसरा दूर होण्यासाठी विठ्ठल आणि शिवराम यांना मैदानाबाहेर उभे राहावे लागले. समता आपोआप आली नाही. ती कोणीतरी मागावी लागली, आणि मागणाऱ्याच्या पाठीशी इतरांना उभे राहावे लागले.

शब्दार्थ

शिरस्ता – रीत, नेहमीची पद्धत
तावून सुलाखून निघणे – कसोटीला उतरून अधिक चांगले होणे
हुकमत – ताबा, प्रभुत्व
विटाळ – स्पर्शाने अपवित्र होणे अशी जुनी समजूत
समर्पक – योग्य, नेमके
गारद होणे – पराभूत होणे
अनिर्णित – निकाल न लागलेला
प्रांजळपणा – मनाचा खरेपणा
डावलणे – जाणूनबुजून बाजूला सारणे
ऐरणीवर येणे – तातडीने विचारात घेण्याजोगा होणे
अवहेलना – अपमान, उपेक्षा

तुम्ही काय शिकलात

• पालवणकर बाळू यांनी खेळपट्टी झाडण्याच्या कामापासून सुरुवात करून भारतातील श्रेष्ठ फिरकी गोलंदाज म्हणून कीर्ती मिळवली.
• १९०६ चा युरोपियनांवरील विजय आणि १९११ चा इंग्लंड दौरा हे त्यांच्या कारकिर्दीतील प्रमुख टप्पे होत.
• त्यांना संघात स्थान मिळाले. परंतु मैदानाबाहेर समान वागणूक आणि संघात कर्णधारपद नाकारले गेले.
• १९२० साली पालवणकर बंधूंनी घेतलेल्या भूमिकेमुळे आणि लोकमताच्या पाठिंब्यामुळे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बाळूंच्या गोलंदाजीची वैशिष्ट्ये कोणती?
(आ) साताऱ्याच्या सामन्यात यजमानांनी कोणती तयारी केली होती? तिचा परिणाम काय झाला?
(इ) एम. डी. पै यांच्या जाहीर वक्तव्यातून त्यांच्या स्वभावाचा कोणता गुण दिसतो?

२. ‘कौशल्य मान्य होते, अधिकार मान्य नव्हता’ या विधानाचे स्पष्टीकरण पाठाच्या आधारे १०० शब्दांत करा.

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : नावारूपाला येणे, फळाला येणे, नमते घेणे.

४. तुमच्या कामाच्या किंवा राहण्याच्या ठिकाणी एखाद्या व्यक्तीचे काम सर्वांना हवे असते, पण तिला बरोबरीने वागवले जात नाही, असे तुम्ही पाहिले आहे का? व्यक्तीचे नाव न लिहिता आठ-दहा वाक्यांत अनुभव लिहा आणि त्यावर उपाय सुचवा.